चिन्नाचा न मरणारा वाघ

ऑनलाइन टीमचं कवतिक मले नका सांगू बे, आमची टीम एसटीनं चाले! मी चंद्रपुरात कॉम्प्युटर गेमचा शिकारी बनवत होतो, दोस्त चिन्ना अहेरीत वाघ. फ्लॉपी कंडक्टरभाऊच्या खिशात.

एकदा फ्लॉपीतून वाघ आला, तो मरेचना. मी एसटीडीवरून चिन्नावर ओरडलो, "गोळ्या संपल्या, वाघ मरून नाई राह्यला!"

"गोळ्या काऊन मारून राह्यला? वाट सोड, चूप उभा राय. तो जाते."

"असा गेम कोन खेळन बे?"

कोनीच खेळला नाई.

मंग काही वर्षांनी मोहर्लीच्या रस्त्यावर माह्या फटफटीपुढं खराच वाघ आला. वाट सोडली, चूप उभा राह्यलो. तो गेला. पयला फोन चिन्नालेच लावला.

"चालते बे तुहा गेम."