केबिनातला मिक्सर

धर्मसिंग : मागच्याच साली माझ्याच दुकानातून नेला ना बेटा हा मिक्सर? बाकी सगळा नवाकोरा आहे, अन् ही सरकवायची कळ, हा मधला आडवा फेडर पाहा. पार झिजून गेला.

रविंद्र : बाजारातल्या हळदीची धूळ जाती आत, काका. वसमतात मिरवनूक म्हनलं की धूळ आलीच.

धर्मसिंग : धूळ तर सगळ्याच डीजेवाल्यांच्या मिक्सरात जाते. त्यांचे उभे फेडर खराब होतात, आवाज कमीजास्त करायचे. तुझा मधलाच गेला. म्हणजे स्क्रॅच मारून मारून गेला. एका हातानं तबकडी मागंपुढं घासायची अन् दुसऱ्या हातानं ह्या फेडरवर आवाज कापायचा, ही मामुली गोष्ट नाही. ह्या भागात तुझ्यासारखं कोणी करून नाही राहिलं.

ज्योती : मंग आमाला असा दाखवा काका, ज्याचा फेडर झिजतच न्हाई.

धर्मसिंग : ही कोण?

रविंद्र : भैन माझी, ज्योती. वायरी-बियरी बघती गाडीवरच्या.

धर्मसिंग : बरं. हे पाहा, दोन आहेत. हा छोटा. दोनच चॅनल, लोखंडी बॉडी. ह्याचा फेडर चुंबकावर चालतो, आत घासायला काही नाहीच. बिघडला तर चार स्क्रू खोला, नवा टाका. दिवे नाहीत, शो नाही. अन् हा मोठा. चार चॅनल, सगळीकडं दिवे. हे बटण दाबलं की स्क्रॅचसारखा आवाज आपोआप निघतो. मात्र ह्याचा फेडर साधाच. तुझ्या हाताखाली सहा महिने.

रविंद्र : मोठा द्या.

ज्योती : दादा, न्हाई. काका, छोट्याचा आवाज काठापासून किती सरकवल्यावर सुटतो?

धर्मसिंग : काय म्हणली?

ज्योती : फेडर पार काठाला असला म्हंजे आवाज बंद. तिथून जरासा हलवला की लगेच फुल सुटला पाह्यजे. अर्धा बोट सरकवावा लागला तर कट उशिरा पडतो.

धर्मसिंग : वायरी बघती म्हणला ना रे तू?

रविंद्र : ऐकून ऐकून बोलती ती. आना, मी बघतो हेडफोन लावून.

धर्मसिंग : घे. गाणं लावलंय. सांग कसा वाटतो.

रविंद्र : साफ आहे. दोन्ही बाजू एकदम बराबर.

धर्मसिंग : दोन्ही?

रविंद्र : व्हय. काहून?

धर्मसिंग : ह्या हेडफोनची डावी बाजू बंद आहे बेटा. वायर तुटलीय. सकाळपासून डाग द्यायचा म्हणून राहिलो, हातातलं काम सुटंना.

रविंद्र : मंग... मधीमधी येत असंल तिचा आवाज.

[धर्मसिंग काउंटरमागून येऊन रविंद्रच्या डाव्या बाजूला, जरा मागं उभा राहतो.]

धर्मसिंग : रविंदर, भाहेर पिकअप आडवी लावली का तू? पोलीस येऊन राहिला पाहा.

[रविंद्र मिक्सरच बघत राहतो.]

ज्योती : काका, नका करू तसं.

धर्मसिंग : कधीपासून?

ज्योती : दोन वर्सं झाली. डावा कान पार गेला. उजव्याचा अर्धा ऱ्हायला. आधी नुसती शिट्टी वाजायची त्याच्या डोक्यात. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, स्पीकरच्या भिंतीपुढं उभं ऱ्हानं बंद करा, न्हाईतर ऱ्हायलेला बी जाईल.

रविंद्र : ज्योते, काय सांगून राहिली तू त्यांना? माझ्याकडं तोंड करून बोल.

ज्योती : जे खरं आहे ते सांगून राहिले.

धर्मसिंग : मग वाजवतं कोण? मागच्या जयंतीला मी सोता पाह्यलं. सगळा चौक थांबला होता ऐकायला.

ज्योती : मी वाजवते. खाली पिकअपच्या केबिनात बसून. वायर मागच्या भिंतीतून वर नेलेली. वर दादापुढं जुना मिक्सर आहे, त्यात नुसते दिवे चालू ऱ्हातात. तो हात वर करतो, लोकांना नाचवतो. मला शिकवलं बी त्यानंच. पन आता बोट माझं.

रविंद्र : झालं समाधान? आता समद्या वसमतला कळू दे.

धर्मसिंग : माझ्या दुकानातून गोष्ट भाहेर जात नाही बेटा. पण एक सांगतो. मोबाइलवर तुझा व्हिडिओ आलता मला. तुझे दोन्ही हात आभाळात अन् आवाज कापल्या जाऊन राहिला. मी म्हणलं, कॅमेऱ्याची गडबड असंल. दुसरा कोणी तसं म्हणणार नाही.

रविंद्र : म्हनूनच म्हनतो ना मोठा घेऊ! बटन दाबलं की काम झालं. ही खाली बटन दाबंल, मी वर दाबल्यासारखं करीन. कोनाला काही दिसनार न्हाई.

ज्योती : मंग त्यात मी कुठं ऱ्हायले, दादा? बटन दाबायला तर कोनी बी चालंल.

रविंद्र : तुला त्या आवाजाचंच पडलं आहे. मला काय वाटत नसंल? चौदा वर्सं झाली. गाडीवर पाटी कोनाची आहे? डीजे रविंद्र, डोंगरकडा. मिरवनूक काढनारे संतराम काका दर सालाला मलाच बोलावतात. उद्या कळलं की डीजेच बहिरा आहे, तर कोन उभं करंल मला? लोक हसतील, ज्योते. बहिऱ्याची गाडी म्हनतील.

ज्योती : अन् केबिनात माझा जीव गेला असता तर काय म्हनले असते?

धर्मसिंग : म्हणजे?

रविंद्र : ते नको काढू.

ज्योती : काढते. काका, मागच्या जयंतीला चौकात गाडी उभी करून ह्यानं केबिनाला भाहेरून कुलूप लावलं. काचा वर, आतून काळा पडदा, कोनाला मी दिसू नये म्हनून. ऊन तुमाला माहीत आहे एप्रिलचं. दोन तासांत पानी संपलं. डोळ्यापुढं अंधारी यायला लागली. मी काच वाजवली, दार वाजवलं, हाका मारल्या. चावी ह्याच्या खिशात, अन् हा माझ्या डोक्यावर सात फुटांवर हात हलवून राहिला. ह्याला ऐकू कसं जानार?

धर्मसिंग : अरे बापरे. मग?

ज्योती : मी गानंच बंद केलं. समदं गप झालं, तवा ह्याला कळलं. उतरून आला, दार उघडलं. मला बघितलं अन् रडायला लागला. लोकांना सांगितलं, जनरेटर बंद पडलं म्हनून. दहा मिनिटांनी मी परत आत बसले.

धर्मसिंग : रविंदर?

रविंद्र : पिऊन आलेले पोट्टे दार उघडू लागलते, काका. म्हनून लावलं कुलूप. दुसरं काय करनार होतो? त्या दिवसापासून झोपंत बी मला काच वाजल्यासारखी वाटती. जे खरं ऐकायचं ते ऐकलं न्हाई, अन् आता जे न्हाई तेच ऐकू येतं.

ज्योती : हे तू मला कधी सांगितलं न्हाईस.

रविंद्र : काय सांगू? यंदा कुलूप लावनार न्हाई. काच खाली ठेवू. पंखा बसवतो छोटा.

ज्योती : मी पंखा मागून न्हाई राहिले, दादा. मला एक तास वर येऊ दे. एकच तास. तू माझ्या शेजारी उभा ऱ्हा. म्हन, माझी भैन आहे, मी शिकवलं. तुझी पाटी तशीच राहू दे.

रविंद्र : चार दिवसांनी शिरड शहापूरचे पाव्हने येऊन राहिले तुला पाह्यला. आईनं काय सांगितलं त्यांना? पोरगी घरीच असती, शांत आहे. अन् तू गाडीवर उभी ऱ्हानार? तिथं पोट्टे काय काय वरडतात, तुला ऐकू येतं ना? मला येत न्हाई तेच बरं.

ज्योती : येतं ना. केबिनात बी येतं. काच लावली तरी येतं.

धर्मसिंग : मी बोलू का जरा? रविंदर, इकडून बोलतो, उजवीकडून. मोठा मिक्सर नेलास तर हिला काही काम राहणार नाही, अन् तुला तर आधीच नाही. दोघंही गाडीवर नुसते बसलेले राहाल. छोटा नेलास तर एकाचे तरी हात जिवंत राहतील. निवड मिक्सरची नाहीच आहे ही.

रविंद्र : तुमाला सोपं आहे काका बोलनं.

धर्मसिंग : आहे सोपं. मान्य करतो.

ज्योती : दादा, हात लावून बघ एकदा. ऐकू नको, नुसतं बोट ठेव. बघ कसा सरकतो.

रविंद्र : ...पान्यावानी आहे.

ज्योती : आहे ना?

रविंद्र : माझ्या वक्ताला असा फेडर नव्हता. मी जुन्यात तेल सोडायचो, शिलाई मशीनचं. तीन दिवस चालायचा. काका, हा जनरेटरवर टिकंल का? विजेचा झटका बसला तर?

धर्मसिंग : आतला वीजपुरवठा मजबूत आहे, झटका सोसतो. बॉडी पडली तरी वाकत नाही. दहा वर्षं तुला माझ्या दुकानात यायची गरज नाही.

रविंद्र : दहा वर्सं.

ज्योती : काय झालं?

रविंद्र : काही न्हाई. दहा वर्सांनी माझ्या उजव्याचं काय असंल, ते आलं मनात. छोटा बांधा, काका.

ज्योती : अन् वर यायचं?

रविंद्र : यंदा केबिनातच बस. पडदा काढतो, कुलूप न्हाई. पुढच्या साली बघू.

ज्योती : मागच्या साली बी हेच म्हनलास.

रविंद्र : व्हय. म्हनलो.

धर्मसिंग : केबिनातून वर न्यायला वायर लांब लागंल. पंधरा फूट देऊ?

ज्योती : द्या. पंधरा फूट बराबर आहे.

धर्मसिंग : अन् गॅरंटीचं कार्ड भरून टाकतो. वापरणाऱ्याचं नाव लागतं इथं. रविंदर, नाव कोणाचं लिहू?

ज्योती : डाव्या बाजूनं बोललात काका. इकडून विचारा.

धर्मसिंग : रविंदर, नाव कोणाचं लिहू म्हणतो.

रविंद्र : ऐकू आलतं, काका. तुमी पहिल्यांदा विचारलं तवाच आलतं.

धर्मसिंग : मग?

रविंद्र : ती जागा कोरीच राहू द्या सध्या.