एका दणक्याचं हेल्मेट

अपघात विभागाच्या बाकावर माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. त्याच्या कपाळाला पट्टी आणि गळ्यात प्रयोगशाळेचं ओळखपत्र होतं. ती फॉर्म भरत होती.

“हेल्मेट होतं का, विचारलंय. काय लिहू?”

“होतं, लिही. मीच बनवलेलं.”

“ते लिहायला जागा नाही. काय भरलंत म्हणे त्यात?”

“पाणी, आणि पाण्यात कार्बनच्या नॅनोट्यूब. केसाहून हजारो पट बारीक नळ्या गं. एरवी पाणी त्यांत शिरत नाही. दणका बसला की नाइलाजाने शिरतं आणि दणक्याचा जोर तिथेच जिरतो.”

“छान जिरला. चार टाके पडले.”

“अगं, परवा पाहुण्यांसमोर त्यावर हातोडा घातला, तर आतलं अंडंसुद्धा फुटलं नाही!”

“ह्याच हेल्मेटवर?”

“हो. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी.”

“आणि शिरलेलं पाणी परत बाहेर कसं येतं?”

“त्यावर काम चालू आहे.”

“म्हणजे येत नाही.”

“अजून तरी नाही.”

“अहो दीडशहाणे, म्हणजे ते एकच दणका झेलतं ना? तो तुम्ही टाळ्यांवर उडवलात आणि निकामी टोपलं डोक्यावर घालून रस्त्यावर निघालात!”

“लक्षात नाही राहिलं.”

“डॉक्टरेट म्हणे! आणि धाकट्या लेकीला सायकलसाठी असलंच दिलंत, त्यावर किती हातोडे घातलेत?”

“फोन लाव तिला. म्हणावं, सायकल तिथेच ठेव आणि चालत ये.”