हजेरी नंबर एकेचाळीस

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष, मुख्य कार्यालयातून वेळात वेळ काढून आलेले माननीय साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आपल्या उद्योजकता प्रशिक्षण केंद्रातून आज निवृत्त होणारे सर, सरांच्या सौभाग्यवती म्हणजे आमच्या वहिनीसाहेब, आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडे बघत बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो!

चहा येणार नाही. चहावाली इथं भाषण करतेय.

हसताय काय? एकवीस वर्षं या खिडकीखाली माझी टपरी आहे. इतके समारंभ कानावरून गेलेत की 'द्विगुणित' हा शब्द मला तोंडपाठ आहे. तर साहेबांच्या उपस्थितीनं आमचा आनंद द्विगुणित झालाय, असं मी आधीच जाहीर करून टाकते.

सर रोज दहाला चाळीस जणांची हजेरी घ्यायचे आणि गरजायचे, "नोकरी मागू नका, नोकरी देणारे व्हा!" चाळीसही जण ते वहीत उतरवून घ्यायचे. आणि मधल्या सुट्टीत तेच मला विचारायचे, "मावशी, इथं झेरॉक्स कुठं निघते हो? नोकरीच्या अर्जाला प्रमाणपत्र जोडायचंय." कुठलं प्रमाणपत्र? याच केंद्राचं! मी नावं ठेवत नाही हं. बँक तारण मागते, वीज अर्धा दिवस नसते, घरचे म्हणतात आधी पगार आण. पोरं तरी काय करणार?

पण एकदा सर फळ्यापाशी सांगत होते, "गिऱ्हाईक काय विचारतंय ते ऐका." वर्गात कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं. दोन बांगड्या मोडल्या आणि जुनं झेरॉक्स मशीन आणलं. मग फोटो काढायला लागले, मग अर्ज भरून द्यायला. आज माझी चार दुकानं आहेत, अकरा बायका माझ्याकडे पगार घेतात. नोकरी मागणाऱ्यांच्या जिवावर मी नोकरी देणारी झाले, बघा!

मध्ये इथं एसी बसला आणि खिडक्या बंद झाल्या. 'स्पर्धा' हा धडा माझा तेव्हाच बुडाला. समोर दुसरी टपरी आली, तर मी वेडी तिला साखर देत बसले! नशीब, वीज गेली आणि खिडकी उघडली. वीजवाल्यांचे मनःपूर्वक आभार.

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात साहेबांचं पत्र आलं, की केंद्राच्या हजेरीपटावरचा एक तरी उद्योजक दाखवा, नाहीतर केंद्र बंद. सर येऊन माझ्या बाकावर बसले. चहा निवून गेला. म्हणाले, "बाई, सव्वीस वर्षांत एकही नाही हो." मी म्हटलं, "तुमच्या मेव्हण्याचं नाव टाका की, गिरणी आहे त्याची." तर म्हणे, "तो हजेरीपटावर नाही." असला राग आला! एवढा सरळ माणूस धंदा शिकवायला येतोच कशाला? पण खरं सांगते, ज्यानं मला उभं केलं, तो माझ्याच बाकावर बसून 'एकही नाही' म्हणत होता.

म्हणून हा माझा प्रवेशअर्ज. सर पाचपर्यंत पदावर आहेत, आत्ता चार चाळीस झालेत. साहेब, आधी शिकायचं की आधी धंदा करायचा, हे तुमच्या पत्रात कुठंही नाही. झेरॉक्स काढताना मी नीट वाचलंय.

सर, करा सही. काय म्हणालात? फोटोवर माझी आडवी सही राहिली? अहो, निरोपाचा पुष्पगुच्छ हातात आहे तरी त्रुटी काढतायत! ही घ्या. झाली.

साहेब हसतायत. मान पण हलवली. सगळ्यांनी बघितलंत ना?

आता एकच मागणं. रोज हजेरी चाळीसला थांबायची, आणि मी बाहेर कप विसळत मनातल्या मनात म्हणायचे, एकेचाळीस. सर, तेवढा आकडा आज एकदा पुकारा. मोठ्यानं पुकारा.

हजर, सर!

अहो, आधी चष्मा काढा, मग डोळे पुसा. वहिनी, रुमाल द्या त्यांना.

सगळ्यांचे आभार. खिडकीतून जेवढं ऐकू आलं तेवढंच शिकले, तेवढंच बोलले. कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. थांबा, चहा आणते.