हडळीचा चेहरा

मी, वहिदा भ्रतार जिलानी शेख, वय ६३ वर्षे, व्यवसाय शिवणकाम, रा. किल्ल्यामागे, औसा, जि. लातूर. समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील ठिकाणी मी पती जिलानी यांच्यासह राहते. पती तरुणपणी नांदेडला सिनेमाचे बोर्ड रंगवत. पुढे दिल्लीच्या एका प्रकाशकासाठी त्यांनी भुताखेतांच्या चित्रकथा काढल्या. चेहऱ्यावर खालून उजेड टाकायची रीत सिनेमाच्या बोर्डांची, कमानी आणि तट आमच्या किल्ल्याचे. रेषा ते काढत, काळी शाई मी भरत असे. मूळ पाने पत्र्याच्या पेटीत होती.

सोमवारी मी शेजारचे किराणा दुकानदार चंद्रप्पा यांना पुड्यांसाठी रद्दी दिली. त्यात चुकून एक पान गेले. त्यावर विहिरीतून वर येणारी हडळ आहे. तिचा चेहरा चंद्रप्पांच्या आई शांतम्माबाई यांचा आहे. शांतम्माबाई पंधरा दिवसांपासून तापाने आजारी आहेत.

आज सकाळी साडेदहाच्या सुमारास चंद्रप्पा ते पान घेऊन दहा-बारा लोकांसह दारात आले. म्हणाले, "चाची, माझ्या मायीवर भानामती केली तुम्ही. पेटी काढा बाहेर."

मी म्हणाले, "चाळीस वर्षांमागचं चित्र हाय हे. ह्यात मंतर न्हाई, शाई हाय."

त्यांनी पेटी अंगणात उलटी करून पेट्रोल ओतले व पेटवून दिले. एकाने पतीची कॉलर धरली. "ह्यालाबी टाका," असे मागून कोणीतरी म्हणाले.

तेवढ्यात शांतम्माबाई भिंत धरत आल्या. मुलाच्या हातातले पान घेऊन बराच वेळ पाहत राहिल्या. म्हणाल्या, "मीच हाय ही. बसले व्हते जिलानीपुढं. चार दुपारा. वहिदा माहेरी गेली व्हती तवा."

"गप बस, माय," चंद्रप्पा म्हणाले.

"का गप बसू? केस बघ कसे काढलेत. येवढं निरखून मला कुणी बघितलं व्हतं?"

त्यावर पतीची कॉलर सोडण्यात आली. लोक एकेक करून निघून गेले. तोवर अठ्ठावन्न पाने जळाली होती.

विचारल्यावरून सांगते की, तो चेहरा कोणाचा हे शाई भरतानाच मला कळले होते. त्याबाबत मी पतीस तेव्हा विचारले नाही. आजही विचारलेले नाही.

जळालेल्या पानांबाबत माझी चंद्रप्पा व सोबतच्या लोकांविरुद्ध तक्रार आहे. उरलेले पान पुरावा म्हणून जमा केले आहे. काम संपल्यावर ते आमच्या घरी न देता शांतम्माबाईंना द्यावे.

जबाब मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे, त्यात काही कमी-जास्त नाही. म्हणून खाली सही करते.