गाडीला सगळं कळतं

...आणि वर ती मलाच दटावते हो! पट्टा लावा, पट्टा लावा, टिंग टिंग टिंग टिंग! अहो, पण मी बसलेच नाहीये गाडीत! मी बाहेर उभी, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पिशवी, आणि पुढच्या सीटवर ठेवलाय भोपळा. चांगला गरगरीत भोपळा, नुकता बाजारातून घेतलेला. तर गाडीला वाटलं, कोणीतरी सद्‌गृहस्थ बसलेत! आमचे हे स्टिअरिंग धरून बसलेले. म्हणाले, "लाव गं त्याला पट्टा, नाहीतर घरी पोहोचेपर्यंत कान खाईल." लावला! तुम्हाला सांगते, भोपळ्याला पट्टा लावला, मी मागे जाऊन बसले आणि भोपळा ऐटीत पुढे बसून घरी आला. तेव्हा कुठे बाईसाहेब गप्प झाल्या. आणि आमचा मुलगा म्हणतो काय, तर "आई, गाडीला सगळं कळतं!"

कळतं ना! भोपळा आणि माणूस यातला फरक तेवढा कळत नाही, बाकी सगळं कळतं!

आता ही गाडी मुळात आमची नाहीच. मुलाची. त्यानं हौसेनं घेतली, सहा महिने फिरवली असेल नसेल, आणि लांबची नोकरी लागली. लांब म्हणजे चांगली विमानानं जाण्याइतकी लांब. निघायच्या दिवशी बापलेकांचं काहीतरी वाजलं. काहीतरी म्हणजे काय, मुलगा म्हणाला, "बाबा, निघतो," आणि हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "जातोस तर जा." बस. एवढंच. ना हे सोडायला गेले, ना तो पाया पडायला... म्हणजे वाकला होता हो तो, पण यांनी पाय खुर्चीखाली घेतलेले! मग त्यानं किल्ली टेबलावर ठेवली, म्हणाला, "गाडी बघा," आणि गेला.

तेव्हापासून दोघांचं बोलणं कसं, तर माझ्यामार्फत. मुलगा फोनवर मला विचारणार, "बाबा बरे आहेत ना?" मी यांना सांगणार, "विचारतोय, बरे आहात ना?" हे म्हणणार, "सांग, आहे." मी सांगणार, "आहेत म्हणे." अरे, मी काय पोस्टमन आहे? समोरासमोरचं घर असतं तर चिठ्ठ्या टाकल्या असत्या दोघांनी! आणि भांडण म्हणाल तर भांडणसुद्धा नाही. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. हे नुसतं... आधी कोणी बोलायचं, एवढंच. आणि दोघंही एका मातीचे. आत जीव तुटतोय, तोंड मात्र उघडायचं नाही. मला रडू यायचं हो कधीकधी. पडदे शिवायचं काम करते मी घरी, शिवता शिवता टाके दिसेनासे व्हायचे.

बरं, हे काही जन्माचे मुके नाहीत! आगीचा बंब चालवायचे हे. अख्खी नोकरी बंबावर. घंटा, भोंगा, आरडाओरडा, "बाजूला व्हा, बाजूला व्हा!" सगळा आवाज बाहेर वापरून यायचे आणि घरी आले की शांत. त्यामुळे ही नवी गाडी चालवायला बसले, तर समोर एवढाले दिवे! पिवळा दिवा, लाल दिवा, चाकासारखा दिवा, उद्गारचिन्हाचा दिवा... हे म्हणाले, "आमच्या बंबाला एकच दिवा होता, तोही डोक्यावर." चाकात हवा कमी, दिवा. दार नीट लागलं नाही, दिवा. आणि एकदा तर काय झालं, आम्ही बहिणीकडे निघालेलो, जरा लांबचा रस्ता, तर समोर चक्क कप आला! कपबशीचं चित्र! वाफेसकट! मी म्हटलं, "अहो, हे काय?" म्हणाले, "हिला चहा हवाय." नंतर कळलं, तुम्ही दमलात, थांबा, विश्रांती घ्या, असं ती सांगत होती. मला सांगा, इतक्या वर्षांत मला कोणी म्हटलंय, तू दमलीस, थांब, कप घे? गाडीला सगळं कळतं!

आणि पाण्याचं तापमान वाढलं तरी दिवा, डिझेल संपत आलं तरी दिवा. माणसाला नसतो हो दिवा. आमच्या यांच्या छातीवर एक पिवळा दिवा असता ना, "आठवण येते आहे" असा, तर माझं निम्मं काम झालं असतं.

पण हे सगळे दिवे परवडले. भोंगा नको! चोर आला की वाजतो तो. म्हणजे चोर यावा अशी अपेक्षा असते. आमच्याकडे चोर सोडून सगळ्यांसाठी वाजला. गाडीला जरा धक्का लागला की सुरू, ट्याँव ट्याँव ट्याँव ट्याँव! आणि मुलानं काय करून ठेवलेलं, की भोंगा वाजला की थेट त्याच्या मोबाईलवर मेसेज जातो. तिकडे! तो बिचारा जेवणाच्या सुट्टीत डबा उघडतोय, तर मेसेज, तुमची गाडी धोक्यात आहे. की लगेच इकडे फोन. "आई, गाडी वाजतेय, काय झालं?"

पहिल्यांदा वाजली तेव्हा मी शिवणयंत्रावरून अशी उठले की पडदा माझ्याबरोबर उठला. खिडकीत जाऊन बघते तर अख्खी इमारत गॅलरीत! समोरच्या वकीलबाई, दुपारी जरा आडव्या झालेल्या, केस पिंजारलेले, ओरडतायत, "कोणाची आहे ती? बंद करा!" खालच्या गाणं शिकवणाऱ्या बाई तर रडकुंडीला आलेल्या. "अहो काकू, माझी मुलं भोंग्याच्या सुरात गायला लागली हो!" आणि एवढ्यात फोन. मुलाचा. मी हातात किल्ली घेऊन बटणं दाबतेय, बंद करायचं दाबलं तर डिकी उघडली, आणि हे माझ्या हातातून फोन घेऊन म्हणाले, "मांजर होतं."

मी बघतच राहिले. मुलाशी! थेट! कोणी मध्ये नाही! "हो, मांजरच. टपावर चढलेलं. ...नाही, ओरखडा नाही. ...हवा? हवा बरोबर आहे, कालच बघितली." आणि दिला फोन परत माझ्याकडे. दोन वाक्यं का असेनात, पण बोलले!

दुसऱ्या दिवशी परत. दुपारी, त्याच सुमाराला. ट्याँव ट्याँव! वकीलबाई गॅलरीत, फोन, "मांजर होतं." चार दिवसांनी परत. मांजर. मग आठवड्यातून दोनदा, तीनदा. आणि बोलणं वाढत चाललेलं! बॅटरी, वायपर, तिकडचे रस्ते कसे, तिकडे थंडीत इंजिन लवकर सुरू होतं का... मी म्हटलं, काय गुणाचं मांजर आहे! दूध पाजलं पाहिजे याला. आणि खरंच पाजलं हो मी! खाली एक करड्या रंगाचं फिरायचं, त्याला वर आणलं, बशीभर दूध दिलं, ते प्यायलं आणि माझ्या पडद्याच्या कापडावर जे पसरलं, ते घोरायलाच लागलं.

आणि भोंगा वाजला.

मी मांजराकडे बघते. मांजर माझ्याकडे बघतंय. म्हणजे एक डोळा उघडून, "आता माझं नाव घेऊ नका" असं. मी हळूच खिडकीतून वाकले. तर खाली गाडीपाशी आमचे हे! पाठमोरे! हात मागे बांधलेले, तोंड दुसरीकडे, झाडावर काय पक्षी बसलाय ते बघितल्यासारखं करतायत, आणि बुडानं... अहो, माफ करा, पण खरं तेच सांगते... बुडानं बंपरला आणखी एक धक्का! वाजतोय ना, चांगला वाजू दे! मग इकडे तिकडे बघितलं आणि जिन्यानं तरातरा वर. गुडघे दुखतात म्हणून दळण आणत नाही हा माणूस, तो दोन दोन पायऱ्या चढत वर आला, फोनशेजारी बसला, आणि फोन वाजल्यावर म्हणतो कसा, "बघ गं, कोणाचा आहे. त्याचा असला तर दे. गाडीचं तुला काय कळतं?"

मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. गाडीला सगळं कळतं म्हणे! अहो, ती बिचारी चोर चोर म्हणून ओरडत होती, आणि चोर घरचाच!

आता बोलायचं कोणाशी? यांना सांगितलं, मी बघितलं, तर हे लाजेनं परत खाली जायचे नाहीत. मुलाला सांगितलं तर तो हसणार, आणि हे म्हणणार, माझं हसं केलंत. म्हणजे परत मी पोस्टमन! मी ठरवलं, गप्प बसायचं. मांजर तर मांजर.

पण इमारत गप्प बसते का? एका रविवारी सेक्रेटरी आले. सोबत वकीलबाई. म्हणाले, "काकू, तुमच्या गाडीनं उच्छाद मांडलाय. भोंगा काढा, नाहीतर गाडी दुसरीकडे लावा." वकीलबाई म्हणाल्या, "आणि त्या मांजराचा बंदोबस्त करा!" हे कोपऱ्यात खुर्चीत बसलेले, चष्मा पुसतायत, पुसतायत, काच पातळ होईपर्यंत पुसतायत. मुलाला कळलं, तो म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. मी वायरमनला पाठवतो, भोंगा काढून टाकू." मी म्हटलं, "अरे, राहू दे की!" म्हणाला, "राहू दे काय आई? लोकांची झोप उडते." आता काय सांगणार?

आला वायरमन. बॉनेट उघडलं. हे शेजारी उभे. एवढे बंब हाताळलेला माणूस, त्याला विचारतोय, "सगळाच काढायचा का हो? थोडासा... हळू वाजेल असा... नाही ठेवता येणार?" वायरमन म्हणाला, "काका, भोंगा एकतर वाजतो, नाहीतर वाजत नाही." आणि केली वायर कट. हे तिथंच उभे राहिले, बॉनेटवर हात ठेवून. मी खिडकीतून बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले खाली. मला वाटलं जाणार नाहीत, पण गेले! पक्षी बघितला. धक्का दिला. काही नाही. आणखी एक दिला. काही नाही. मग टपावरून हात फिरवला आणि आले वर. एकेक पायरी. फोनशेजारी बसले. फोन गप्प. मी शिवणयंत्र बंद केलं. म्हटलं, खड्ड्यात गेली यांची लाज, मी आत्ताच्या आत्ता पोराला सगळं सांगते, बाप तुझा गाडीला धक्के मारत फिरतोय, तुझा आवाज ऐकायला, कळतंय का तुला, का गाडीलाच सगळं कळतं? उठले, फोन उचलला...

आणि माझ्या हातात वाजला!

"आई," मुलगा. आवाज कसा तर चोरटा. "गाडी... ठीक आहे ना?"

म्हटलं, "ठीक म्हणजे?"

"नाही, मेसेज आला नाही आज. म्हणून काळजी वाटली."

"अरे, भोंगाच काढलाय ना तू! मेसेज येणार कसा?"

"हो, तेच..." मग घाईघाईनं, "तेच म्हटलं. भोंगा नाही, तर कळणार कसं, कोणी नेली का गाडी... बाबा आहेत का गं जवळ? त्यांना जरा बघायला सांग ना, जागेवर आहे का."

मी वळले तर यांचा हात आधीच पुढे! दिला फोन. हे खिडकीशी गेले, वाकून बघितलं, आत्ता दोन मिनिटांपूर्वी जिला धक्के मारून आले ती गाडी आहे का ते बघितलं! "आहे. आहे रे जागेवर." आता बोलायला हवा नाही, बॅटरी नाही, मांजर नाही. आणि हे खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "त्या दिवशी तुला सोडायला यायला हवं होतं मी. ...मला करमत नाही रे."

तिकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. पण यांनी शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. मोठ्ठ्यानं.

झालं! तेव्हापासून रोज फोन. रोज! गाडी जागेवर आहे का, हा पहिला प्रश्न, आणि मग जे सुरू होतात दोघं, ते तासभर. हसतात काय, भांडतात काय, बंबाच्या जुन्या गोष्टी काय! मी आपली पडदा शिवत बसलेली. मग फोनची बॅटरी संपत आली की आमचे हे फोनवर हात ठेवून मला विचारतात, "तुला काही बोलायचंय का गं त्याच्याशी?" आता आईला दुसरं काय बोलायचं असतं हो? मी म्हटलं, "काही नाही, विचारा त्याला, जेवलास का म्हणून."

तर म्हणतात, "ते विचारून झालं माझं."

घ्या! माझा आपला एक प्रश्न होता... तोही नेला!