चाचणीचं गिऱ्हाईक

सासू : तू माझी सून आहेस की नाहीस, तेवढं सांग. बाकी मालिश चालू ठेव.

सून : मॅडम, दाब ठीक आहे ना?

सासू : दाब ठीक आहे. पायही ओळखीचे आहेत. तोंड टेबलाच्या या भोकात घालून पालथी पडलेय, दुसरं काही दिसत नाही, म्हणून पायच बघतेय. करंगळीचं नख वाकडं आहे.

सून : आई, हळू बोला. मॅनेजरबाई पडद्यापलीकडे आहेत.

सासू : डोकं दुखतंय, लॉजवर पडून राहते म्हणालीस.

सून : तुम्ही होडीतून फिरायला जाते म्हणालात.

सासू : होडी फार हलत होती. म्हटलं, बेटावरचा हा एक स्पा राहिलाय, तोही बघून टाकावा. शिकायला आलोय ना आपण? तूच म्हणालीस. मोठ्या ठिकाणी मालिश कशी करतात ते बघून येऊ, आपल्या दुकानात काही नवं करता येईल.

सून : म्हणाले होते.

सासू : बघितलं की मी. पहिल्या ठिकाणी पाठीवर गरम दगड मांडून ती मुलगी बाहेर निघून गेली. मी दगड राखत पडले. दुसऱ्या ठिकाणी चिखल फासला, आणि वर विचारलं, हलकं वाटतंय का. इथे समुद्र खिडकीबाहेर आहे आणि आत समुद्राचा आवाज यंत्रावर लावलाय. आणि मालिशला सून. हे मात्र खरंच नवीन आहे.

सून : मी नोकरीसाठी आलेय, आई.

सासू : ते विजारीवरून कळलं. आपल्याकडे असला रंग कोणी घालत नाही.

सून : आज चाचणी आहे. इथे ती खऱ्या गिऱ्हाइकावरच घेतात, त्याला न सांगता. शेवटी मॅनेजरबाई येऊन विचारतात. गिऱ्हाईक हो म्हणालं तर नोकरी.

सासू : आणि गिऱ्हाईक मी.

सून : पडदा सरकवला आणि तुमची पाठ दिसली. आल्या पावली पळावंसं वाटलं.

सासू : दोन्ही हात उचललेस.

सून : काय?

सासू : आत्ता. दोन्ही एकदम उचललेस. एक हात कायम अंगावर पाहिजे, नाहीतर माणसाला वाटतं, टाकून गेली. कितीदा सांगितलंय.

सून : ठेवला.

सासू : नाव काय सांगितलंस इथे?

सून : माहेरचं.

सासू : बरं. माझ्या मुलाला ठाऊक आहे?

सून : आहे. त्यांचं जहाज इथल्या बंदरात दर महिन्याला लागतं. आपल्या घरी ते वर्षातून एकदा येतात, आणि आले की झोपून काढतात.

सासू : हे कारण मॅनेजरला सांग. मला खरं सांग.

सून : हेही खरंच आहे.

सासू : असेल. खांद्यावर घाई करू नकोस. बोल.

सून : गिऱ्हाईक आपल्या दुकानात येतं आणि तुम्हाला मागतं. तुम्ही म्हणता, माझा अंगठा धरलाय, आज सून करेल. मग ते ‘हं’ करतं आणि माझ्या टेबलावर येऊन पडतं. लग्न झाल्यापासून मी ते ‘हं’ ऐकतेय.

सासू : उठताना कोणी तक्रार केली आहे?

सून : नाही. उठताना म्हणतात, अगदी सासूबाईंसारखा हात आहे हो.

सासू : चांगलंच म्हणतात ते.

सून : चांगलंच म्हणतात.

सासू : आणि दुकानाचं काय?

सून : तुम्ही आहात ना.

सासू : अंगठा धरलाय हे मी गिऱ्हाइकाला काय गंमत म्हणून सांगते? गेल्या उन्हाळ्यापासून मला बरणीचं झाकण फिरवता येत नाही. तू बाजारात गेलीस की शेजारणीकडून उघडून आणते. तू इथे राहिलीस तर दुकानाला कुलूप लागेल, आणि ते लावायलाही मला शेजारीणच बोलवावी लागेल.

सून : मला कधी बोलला नाहीत.

सासू : तू बोललीस?

(पडदा सरकतो.)

मॅनेजर : कसं वाटतंय, मॅडम?

सासू : पालथ्या माणसाला वाटायचं तसंच. ठीक आहे.

मॅनेजर : एक सांगायचं होतं. या बाई आमच्याकडे आज पहिल्यांदाच हात लावतायत. तुम्हाला आधी कळवलं नाही, त्याबद्दल क्षमा करा. आमची पद्धतच तशी आहे. तुम्ही म्हणाल ते आम्ही मानतो. एकच प्रश्न असतो. पुन्हा आलात तर यांनाच मागाल का?

सासू : मी नाही म्हटलं तर?

मॅनेजर : तर त्यांना आजच निरोप देऊ. त्या ऐकतायत म्हणून भिडेखातर काही बोलू नका.

सासू : भिडेचं माझं कधी जमलं नाही. कंबर चांगली केली. गाठ कुठे आहे हे मी सांगितलं नव्हतं. हिने शोधली, आणि सापडली म्हणून मिरवत बसली नाही. खांद्यावर मात्र घाई करते. मनात दुसरं काही आलं की हात उचलते.

मॅनेजर : म्हणजे... नाही?

सासू : म्हणजे खांद्यावर घाई करते.

मॅनेजर : आणि पुन्हा आलात तर?

सासू : हिलाच मागीन.

मॅनेजर : अभिनंदन, बाई. आता तुम्हाला एक विचारते. घरून परवानगी आहे ना? मागच्या मुलीला सगळं शिकवलं, कपडे शिवून दिले, आणि महिनाभरात घरच्यांनी बोलावून घेतलं. आम्ही तोंडघशी पडलो.

सून : सासूबाई आहेत घरी. त्यांचं मालिशचं दुकान आहे. त्यांच्याकडेच शिकले मी.

मॅनेजर : अरे देवा. मग त्या कशाला सोडतील?

सून : मला नाही सांगता येणार.

मॅनेजर : मॅडम, तुम्ही वडीलधाऱ्या आहात. तुम्हाला काय वाटतं? सोडेल अशी सासू?

सासू : कटकट करेल. दोन दिवस धड जेवणार नाही. मग गल्लीभर सांगत सुटेल, मीच पाठवली, मोठ्या हॉटेलात आहे.

मॅनेजर : म्हणजे सोडेल?

सासू : मीच पाठवली असं गल्लीत सांगून झाल्यावर परत बोलावणार कशी?

मॅनेजर : हेही खरं. बाई, मी कागद तयार ठेवते. मॅडमचं निवांत पूर्ण करून या.

सून : हो.

सासू : गेली?

सून : गेली. आई, तुमचा अंगठा...

सासू : अंगठ्याचं मी बघीन. एखादी पोरगी ठेवायची की दुकान बंद करायचं, तेही मी बघीन. तू तुझं काम कर. पुढे काय असतं यांच्यात?

सून : पाठ झाली. आता उताणं व्हायचं. मी टॉवेल धरते, वळा.

सासू : नको.

सून : अजून बरंच राहिलंय. चेहऱ्यालाही करतात इथे.

सासू : चेहरा राहू दे. पाठच कर अजून थोडा वेळ.