कंडक्टरच्या सीटवरची दस्ती

बायको कंडक्टर झाल्यापास्नं मी एसटीत गपगार चढतो. कावून, ते ऐका.

सुमननं लई वर्षं तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास केला. मैत्रिणीसंगं सहज अर्ज भरलता, तर लागली एसटीत. गाडी मिळाली बीड-नेकनूर. मी गावात सांगून टाकलं, "आता आपली जागा कायम."

बाजारच्या दिवशी स्टँडवर ही गर्दी. मी सवयीनं खिडकीतनं खिशातली दस्ती टाकून जागा धरली. वर चढून बघतो तर दस्ती पडलती कंडक्टरच्याच सीटवर, अन् सुमन ती हातात घेऊन उभी.

"कोणाची हाय ही दस्ती?"

सकाळी तिनंच घडी घालून दिलती. पर समदं गाव बघाय लागलं, म्हणून मी छताकडं बघत राहिलो.

"मालक न्हाई का कुणी? बरं."

तिनं त्या दस्तीनं सीट पुसली, खिडकी पुसली, मग काच पुसायला ड्रायव्हरला दिली. मी नेकनूरपर्यंत उभा.

सांजच्याला घरी आली अन् काळीकुट्ट दस्ती माझ्या पुढ्यात टाकली.

"अहो, हिचा मालक सापडला तर सांगा, धुवून घे म्हणावं."